फौजेचा उपग्रह कुठं बसणार, हे स्लॅबवरून दाखवायचं कसं

शेजारच्या काकूंचा धाकटा लेक लडाखमध्ये ड्युटीवर आहे. एका संध्याकाळी त्या आमच्या ओट्यावर येऊन टेकल्या आणि म्हणाल्या, "मेजर, फौजेसाठी नवा उपग्रह सोडणार हैत म्हणं. मग लेकराचा फोन रोज लागंल की!"

गावाकडं फौजेतून परतलेल्या प्रत्येकाला मेजरच म्हणतात. माझा हुद्दा हवालदाराचा. कोअर ऑफ सिग्नल्समध्ये, म्हणजे फौजेच्या निरोप पोचवणाऱ्या दलात होतो, ट्रेनिंग जबलपूरला झालं. आता अंबाजोगाईजवळच्या माझ्या गावात शेती बघतो आणि डिश बसवायची कामं घेतो. काकूंना खोटी आशा लावणं मला जमलं नाही. हा उपग्रह घरच्या फोनसाठी नाही, एवढं तिथंच सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. मग म्हणालो, "उद्या दुपारी स्लॅबवर या. तो कुठं बसणार आणि कशासाठी, दोन्ही दाखवतो."

तेव्हापासून हे मी गावातल्या शाळेच्या लेकरांना दाखवलं, भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना दाखवलं. साहित्य घरात सापडेल असं आहे. आकडे अंबाजोगाईचे दिलेत, पण बीड, लातूर, धाराशिव, परभणी, नांदेड, हिंगोली, जालना, संभाजीनगर, कुठंही तीन-चार अंशांच्या आतल्या फरकानं चालतात. माझ्या नोकरीतलं यात काही येणार नाही. जे सरकारनं जाहीर केलंय आणि जे कुणालाही मोजता येतं, तेवढंच लिहितो.

उपग्रह कोणता

२९ मार्च २०२३ रोजी संरक्षण मंत्रालयानं न्यूस्पेस इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीशी २,९६३ कोटी रुपयांचा करार केला. उपग्रहाचं नाव जीसॅट-७बी. तो भूदलासाठी आहे, इस्रो तो देशातच बांधणार आणि वजनानं तो पाच टनांच्या गटातला. त्याची थोरली भावंडं आधीच वर गेलेली आहेत. नौदलाचा जीसॅट-७ ३० ऑगस्ट २०१३ ला फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियन-५ अग्निबाणानं गेला. त्याचं दुसरं नाव रुक्मिणी. हवाई दलाचा जीसॅट-७ए १९ डिसेंबर २०१८ ला श्रीहरिकोट्याहून गेला. आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नौदलासाठीच सीएमएस-०३ गेला, ४,४१० किलोचा, आपल्या एलव्हीएम-३ अग्निबाणावरून.

या सगळ्यांची बसायची ओळ एकच. पृथ्वीच्या मध्यरेषेवर, म्हणजे विषुववृत्तावर, ३५,७८६ किलोमीटर उंचीवर. तिथला उपग्रह पृथ्वीबरोबरच एक फेरी पूर्ण करतो, म्हणून खालून बघणाऱ्याला तो जागचा हलत नाही.

हे समजवायला मी मळणी सांगतो. खळ्यात मधोमध तिवडा रोवलेला आणि त्याला चार-पाच बैलांची पात जुंपलेली. तिवड्याजवळचा बैल हळू चालतो, कडेच्या बैलाला मात्र पळावं लागतं, तरी सगळे एका रांगेत राहतात. आतल्या बैलाच्या पाठीवर बसून बघितलं तर कडेचा बैल कायम शेजारीच दिसतो. आपण आतल्या बैलावर बसलोय, उपग्रह कडेचा. तो सेकंदाला तीन किलोमीटरनं पळतोय आणि आपल्याला स्थिर वाटतोय. ज्यांनी मळणी बघितली नाही त्या लेकरांनी आजोबांना विचारावं. आजोबांना मात्र ही गोष्ट एका वाक्यात कळते, हा माझा दर वेळचा अनुभव.

दक्षिण नक्की करा

आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला, म्हणून ती ओळ आपल्याला दक्षिणेकडच्या आकाशात कमान होऊन दिसते. दिसते म्हणजे डोळ्यांनी नाही, मोजून. त्यासाठी आधी दक्षिण पक्की पाहिजे. मोबाइलमधल्या होकायंत्रावर मी विसंबत नाही. स्लॅबमध्ये लोखंड असतं, ते काट्याला ओढतं.

दोन-अडीच फुटांची सरळ सळई घ्या. विटांच्या आधारानं स्लॅबवर उभी करा आणि गवंड्याचा ओळंबा लावून दोन बाजूंनी तपासा. सकाळी साडेदहाच्या सुमारास सावलीच्या टोकावर खडूनं खूण करा. सळईच्या बुंध्याला दोरी लावून त्या खुणेतून जाणारं गोल रिंगण आखा. आता सावली आखडत जाईल आणि दुपारनंतर पुन्हा लांबत येईल. सव्वादोनच्या आसपास तिचं टोक रिंगणाला परत शिवेल, तिथं दुसरी खूण. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेघ मिळाली. त्या रेघेचा मध्य आणि सळईचा बुंधा जोडला की उत्तर-दक्षिण. आपल्याकडचे जुने ज्योतिषी शंकू रोवून हेच करत.

मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत हा प्रयोग करू नका. त्या काळात दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या थोडा उत्तरेला असतो आणि सावली उलटी दक्षिणेला पडते. १५ मे आणि २९ जुलैच्या आसपास तर अंबाजोगाईत भर दुपारी सावलीच नसते.

कोन मोजा

कंपासपेटीतलं कोनमापक घ्या. अर्ध्या इंचाची पीव्हीसी नळी फूटभर कापा, तिला कोनमापकाची सरळ कड चिकटपट्टीनं बांधा आणि मध्यबिंदूतून नट बांधलेला दोरा सोडा. नळी आडवी धरली की दोरा ९० वर. नळीचं तोंड वर उचलत जा. दोरा २२ वर आला की नळी ६८ अंशांवर आली.

रुक्मिणीसाठी जाहीर झालेली जागा ७४ अंश पूर्व रेखांशाची. अंबाजोगाई ७६.४ वर, म्हणजे ती जागा जवळजवळ आपल्या समोर. दक्षिणेच्या रेघेपासून पश्चिमेला ७ अंश वळा आणि नळी ६८ अंश उचला. कोनमापक नसेल तर हात लांब करून मूठ धरा, एक मूठ साधारण १० अंशांची. डोक्याच्या बरोबर वरून दक्षिणेकडं दोन मुठी आणि दोन बोटं खाली. तीच जागा.

जीसॅट-७ए ची जागा ६३ अंश पूर्व. त्यासाठी दक्षिणेपासून पश्चिमेला साडेछत्तीस अंश आणि उंची ६३. तिसरी खूण ओळखीची घ्या: डीडी फ्री डिश ज्याच्यावरून येतं तो जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व. तो दक्षिणेपासून पूर्वेला ४४ अंश आणि उंची साडेसाठ. या तीन ठिकाणी बोट दाखवून हवेतच एक कमान ओढा. जीसॅट-७बी याच कमानीवर बसणार.

इथं माझी एक चूक सांगितली पाहिजे, कारण ती सगळ्यांकडून होते. पहिल्या वेळी मी लेकरांना म्हणालो, शेजारच्या छपरावरची डिश बघा, तिचं तोंड जिकडं आहे तिकडं उपग्रह. आठवीतली एक मुलगी कोनमापक घेऊन डिशजवळ गेली आणि परत येऊन म्हणाली, "काका, ही डिश तर खूप खाली बघायलीय. साठ कुठं, चाळीस पण भरंना." तिचं बरोबर होतं. घरगुती डिश ही मोठ्या वाटीचा एका कडेचा तुकडा असते, म्हणून एलएनबीचा, म्हणजे डिशसमोरच्या लहर झेलणाऱ्या डबीचा, दांडा खालून निघतो आणि मधे येत नाही. वरून आलेली लहर तिच्यावर तिरकी पडून एलएनबीत जाते. त्यामुळं डिश दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर बघत असते. इतकी वर्षं डिश बसवून हे मला ठाऊक होतं, पण लेकरांना सांगताना सुटलं. तुम्ही सुटू देऊ नका. डिशवरून दिशा घ्या, उंची घेऊ नका.

सूर्याकडून खात्री करा

मला या सगळ्यात सर्वांत जास्त आवडतो तो हा भाग. वर्षातून दोनदा सूर्य त्याच कमानीवरून चालत जातो. आपल्या भागात १२ मार्चच्या आणि १ ऑक्टोबरच्या आसपास. त्या दिवशी सूर्य एकेका उपग्रहाच्या बरोबर मागं येतो आणि त्याच्या गोंगाटात उपग्रहाची बारीक लहर काही मिनिटं बुडते. त्याच्या आगेमागे दोन-तीन दिवस डीडी फ्री डिशचं चित्र मार्चमध्ये सव्वाअकराच्या सुमारास अडखळतं, तेव्हा गिऱ्हाइकं मला फोन करतात. डिशला हात लावू नका, दहा-पंधरा मिनिटं थांबा, एवढंच सांगतो.

याच दिवसाचा फायदा घ्यायचा. नळी घ्या आणि १२ मार्चला दुपारी पाऊण वाजता स्लॅबवर जा. ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला करत असाल तर १२ वाजून २५ मिनिटांनी. सूर्याकडं बघायचं नाही, नळीतून तर अजिबात नाही. डोळे कायमचे जातील. नळीच्या खाली पांढरा कागद धरा आणि कागदावरची सावली बघत नळी फिरवा. आधी सावली लांबट पडते. फिरवत नेली की आखडत आखडत एक बांगडी होते, आणि एका क्षणी त्या बांगडीच्या आत उजेडाचा गोल ठिपका उमटतो. हात तिथंच थांबवा. सोबतच्यानं दोन्ही बाजूंनी विटा लावाव्यात आणि सिमेंटचा गोळा ओलाच दाबून बसवावा. आता ती नळी वर्षभर, रात्रंदिवस, ७४ अंशांच्या जागेकडं बघत राहील. गंमत अशी की सगळ्या मराठवाड्यात ही वेळ एक-दोन मिनिटांच्या आतच बदलते.

माझी नळी बसवली तेव्हा माय जिना चढून वर आली. "का करायलास रं इतक्या उन्हात?" म्हणाली. मी सांगितलं, या नळीच्या समोर नौदलाची रुक्मिणी बसलीय, जहाजांशी बोलते. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि नळी दाखवत होती तिकडं बघून हात जोडले. माझ्या घरात पंढरीची वारी आहे. मला ते बघून बरं वाटलं.

कशासाठी, हे असं समजवा

काकूंना मी दक्षिणेकडून वळवून घाटाच्या बाजूला उभं केलं. अंबाजोगाई बालाघाटाच्या डोंगररांगेवर आहे. खालच्या अंगाला उतरलं की काही वळणांवर मोबाइलची रेंज जाते, कारण टॉवर आणि आपल्यामध्ये डोंगर येतो. आपला बालाघाट एवढासा, तिकडं वीस-वीस हजार फुटांची शिखरं. रेडिओची बरीचशी लहर सरळ रेषेत जाते, तिला डोंगर ओलांडता येत नाही. मग मधल्या टेकडीवर रिले, म्हणजे ऐकलेला निरोप पुढं पाठवणारं यंत्र, बसवावा लागतो, तिथं माणसं ठेवावी लागतात, त्यांना रेशन पोचवावं लागतं. बर्फात हे काय असतं ते मी बघितलंय. उपग्रह म्हणजे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर बसवलेला रिले. तिथून बघितलं तर कोणताच डोंगर आडवा येत नाही. कराराच्या वेळी सरकारनं जे सांगितलं तेही हेच: नजरेपलीकडच्या ठिकाणी असलेल्या तुकड्यांना, शस्त्रप्रणालींना आणि हवेतल्या यंत्रांना जोडणं.

"म्हंजी लेकराचा फोन न्हाई, पण त्याच्या तुकडीचा निरोप कुठं अडकणार न्हाई," काकू म्हणाल्या. यापेक्षा नेमकं मला सांगता आलं नसतं.

पाच टन कशाला, असं पोरं विचारतात. वजन म्हणून बघितलं तर उसाच्या एका भरल्या ट्रॉलीपेक्षा कमीच. पण खालच्या जवानाजवळ मोठी डिश नसते, पाठीवर किंवा गाडीवर मावेल एवढंच यंत्र असतं. त्याची क्षीण लहर ऐकायला आणि त्याला ऐकू जाईल असं बोलायला वरच्या यंत्राचा कान मोठा आणि आवाज दांडगा लागतो. त्याला वीज लागते, विजेला सौर पंख आणि बॅटऱ्या लागतात, आणि जागेवर टिकून राहायला वर्षानुवर्षांचं इंधन बरोबर न्यावं लागतं.

उशिराचा खेळ लेकरांना फार आवडतो. लहर प्रकाशाच्या वेगानं जाते, तरी वर जाऊन खाली यायला तिला पाव सेकंद लागतो. प्रश्न गेला आणि उत्तर आलं, झाला अर्धा सेकंद. दोघांना पाठमोरं बसवा, मधल्या तिसऱ्यानं प्रत्येक निरोप मनात 'एक' म्हणून मगच पुढं द्यायचा. दोघं एकमेकांवर बोलायला लागतात. मग प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'ओव्हर' म्हणायला लावा, लगेच शिस्त येते.

'सुरक्षित' म्हणजे काय

याबद्दल गैरसमज फार आहेत. लोकांना वाटतं, फौजेची लहर दुसऱ्या कुणाला पकडताच येत नाही. तसं नसतं. उपग्रहाचा झोत शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात पडतो, आणि त्या पट्ट्यात योग्य यंत्र ठेवलं तर काहीतरी खुसखुस कुणाच्याही हाती लागेल. सुरक्षितता त्या खुसखुशीचा अर्थ न लागण्यात आहे.

मी बैलबाजार सांगतो. माळेगावच्या यात्रेत किंवा कोणत्याही जुन्या बाजारात दोघं जण हातात हात घालतात, वरून उपरणं टाकतात आणि आत बोटं दाबून भाव ठरवतात. भोवती पन्नास माणसं उभी. हात सगळ्यांना दिसतात, सौदा चाललाय हेही कळतं, पण आकडा त्या दोघांनाच ठाऊक. ते उपरणं म्हणजे कूटलेखन. निरोप पाठवताना त्याचे आकडे एका गुप्त किल्लीनं उलटेपालटे करतात, आणि तीच किल्ली ज्याच्याजवळ आहे त्यालाच तो परत उलगडता येतो.

शत्रू आणखी एक करू शकतो: अर्थ लागत नाही तर मोठ्यानं ओरडून बोलणंच बंद पाडायचं. भोंगा लावल्यावर शेजारी उभ्या माणसाचंही ऐकू येत नाही, तसं. त्यावर उपाय म्हणजे ठरलेल्या क्रमानं क्षणाक्षणाला लहरींची जागा बदलत राहणं. भोंगेवाला एका ठिकाणी ओरडत असतो तोवर बोलणारे दुसरीकडं गेलेले असतात. झोत अरुंद ठेवणं हाही उपायच.

पावसाचा प्रश्न दर वेळी येतो, कारण परतीचा पाऊस झोडपायला लागला की प्रत्येकाच्या घरी टीव्ही जातो. लहरींचे लांबीनुसार गट पाडलेत, त्यांना पट्टे म्हणतात. टीव्हीची लहर केयू नावाच्या पट्ट्यातली, आखूड, तिला जाड पाऊस अडवतो. यूएचएफ पट्ट्यातली लांब लहर पावसातून निघून जाते, तिला लहान अँटेना पुरतो, पण ती माहिती थोडीच वाहते. रुक्मिणीवर यूएचएफ, एस, सी आणि केयू असे चारही पट्टे ठेवलेत ते म्हणूनच.

आणि घरच्यांनी एक पाळायचं. लेकाचा फोन आला की कुठं आहेस, कधी हलणार, सोबत किती जण, हे विचारू नका आणि त्यानं पाठवलेला फोटो स्टेटसला ठेवू नका. उपरणं वर कितीही घट्ट टाकलं तरी खाली आपणच आकडा ओरडलो तर उपयोग नाही. काकूंनी हे ऐकल्यावर फोन काढून तिथल्या तिथं तीन फोटो पुसले.

बातमी आली की घाई करू नका

उड्डाण झालं म्हणजे उपग्रह कामाला लागला असं नसतं. अग्निबाण त्याला लांबट कक्षेत सोडतो. तिथून पुढं उपग्रहानं स्वतःचं इंजिन पेटवत वर जायचं, पंख उघडायचे, अँटेना उघडायचे, मग चाचण्या. जीसॅट-६ए २९ मार्च २०१८ ला श्रीहरिकोट्याहून व्यवस्थित गेला, पण कक्षा वाढवत असताना दोन-तीन दिवसांत त्याचा संपर्क तुटला. सिग्नलवाल्याला 'संपर्क तुटला' हे शब्द कसे लागतात ते मी सांगू शकत नाही. म्हणून जीसॅट-७बी च्या वेळी पेढे वाटायचे ते तो जागेवर बसल्याचं कळल्यावर.

त्याची जागा जाहीर झाली की वेळ कशी काढायची तेही लिहून ठेवा. सूर्याच्या त्या दोन दिवशी, ७४ अंशांपासून प्रत्येक अंश पश्चिमेला गेलं की वेळ ४ मिनिटं ४० सेकंदांनी पुढं, पूर्वेला गेलं की तेवढीच मागं. पडताळा घ्यायचा तर ६३ अंश करून बघा: ११ अंश पश्चिमेला, म्हणजे ५१ मिनिटं. मार्चमध्ये पाऊण वाजल्याचे १ वाजून ३६ मिनिटं होतात. त्या वेळेला दुसऱ्या नळीत उजेडाचा ठिपका आणायचा आणि सिमेंट लावायचं.

नळीच्या दोन्ही तोंडांना बारीक जाळी बांधायला विसरू नका. कुंभारीण माशी आत मातीचं घर करते आणि मग ऐन तारखेला ठिपका पडत नाही. माझ्या पहिल्या नळीशेजारी मी दोन विटांची जागा मोकळी सोडलीय. काकू धुणं वाळत घालायला येतात तेव्हा ती जागा सोडून दोरी बांधतात.